सेनापतीची रजा

आठवीच्या वर्गात शिकवताना एकदा माझ्या तोंडून ‘जनरल पेराँ’ असे शब्द गेले आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच ‘पेरू!’ म्हणाले. वर्ग खो खो हसला. मीही हसलो. पण मुलांची स्मरणशक्ती नको तिथे फार तल्लख असते. त्या दिवसापासून शाळेत माझे नाव ‘पेरूगुरुजी’ पडले. बाजारात भाजी घेताना कोणी ओळखीचा मुलगा भेटला, की त्याची नजर आधी टोपलीतल्या पेरूंकडे जाते आणि मग माझ्याकडे.

चूक माझीच होती. पाठ्यपुस्तकात या माणसाला पुरती एक ओळही दिलेली नव्हती. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येणार नव्हता. पण मी त्या वेळी त्याच्यावर कादंबरी लिहीत होतो, आणि कादंबरी लिहिणाऱ्या मास्तराला आपला नायक कोणत्याही तासाला आठवतो. गणिताच्या तासाला आठवला नाही, हेच मुलांचे नशीब.

महाडसारख्या गावात बसून एका फ्रेंच सेनापतीवर कादंबरी लिहायची, हे ऐकून आमच्या मित्रमंडळीत बरीच करमणूक झाली. “अरे, इथून पोलादपूरला गेलास तर तानाजीचे उमरठ आहे. पाठीशी रायगड आहे. एवढे सगळे टाकून तुला फ्रान्सचा माणूस सापडला?” असे एक वडीलधारे स्नेही म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण तानाजीवर लिहायला मला भीती वाटे. जो माणूस पोराचे लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर गेला आणि परत आला नाही, त्याच्याविषयी माझ्यासारख्याने काय लिहावे? मला असा माणूस हवा होता, की ज्याच्यात थोडा मी सापडेन. तो मला पेराँमध्ये सापडला. किती सापडला, हे मात्र फार उशिरा कळले.

वाट महाडातूनच निघाली होती. नाना फडणीस १७९६ साली महाडास येऊन राहिले होते, हे मला ठाऊक होते. ज्या नानांच्या एका चिठ्ठीवर हिंदुस्थानातली दरबारे हलत, तो माणूस पुण्याहून जीव मुठीत धरून वाईमार्गे आमच्या सावित्रीकाठी उतरला. इथेच बसून त्याने पत्रे धाडली, फौज जमवली, निजामाशी करार केला आणि गेलेला कारभार परत मिळवला. या घटनेमागची कारणे शोधत मी वर्षभर मागे गेलो आणि खर्ड्याच्या लढाईपाशी पोहोचलो. तिथे मला हा एका हाताचा फ्रेंच सेनापती प्रथम भेटला.

इंग्रजी माझे मॅट्रिकपुरते. फ्रेंच तर एक अक्षर नाही. शब्दकोश मांडीवर ठेवून एकेक पान सोडवावे लागे. पण जसजसे उलगडत गेले तसतसा तो माणूस माझ्यासमोर उभा राहत गेला.

त्याचे मूळ नाव प्येर क्विये. जन्म १७५५ चा, फ्रान्समधल्या एका लहान गावी, कापडाचा धंदा करणाऱ्या घरात. घराणे नाही, पैसा नाही, शिक्षण बेताचे. १७८० साली तो फ्रेंच जहाजावर खलाशी म्हणून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला आला आणि मलबारात जहाज सोडून पळाला. म्हणजे या पुरुषाच्या चरित्राचा आरंभच पलायनाने झाला. मी हे पहिल्या प्रकरणात मोठ्या कौतुकाने लिहिले होते. गलबताचा दोर सोडून काळोखात किनाऱ्यावर उडी टाकणारा पंचवीस वर्षांचा तरुण! वाचकाला तो आवडलाच पाहिजे, अशी सारी तजवीज मी केली होती.

तिथून तो उत्तरेत गेला. गोहदच्या राण्याकडे सँगस्टर नावाचा एक स्कॉच माणूस पलटण चालवीत होता, तिच्यात शिरला. तो काळच तसा होता. युरोपातले रिकामे हात आणि हिंदुस्थानातली रिकामी पदे यांची तेव्हा चांगलीच गाठ पडत होती. महादजी शिंद्यांना पानिपतानंतर एक गोष्ट पुरती उमगली होती, की नुसत्या घोड्यांवर आता राज्य राहणार नाही. रांगेत उभे राहून एका हुकमाने बार काढणारे पायदळ पाहिजे, आणि त्याच्या जोडीला हलत्या तोफा पाहिजेत. त्यासाठी त्यांनी सॅव्हॉय प्रांतातल्या दी बॉयन्यला हाती धरले. १७९० साली पाटण आणि मेडता या दोन लढायांत दी बॉयन्यच्या पलटणींनी राजपुतांच्या घोडदळाची लाट अंगावर घेऊन परतवली. त्याच सुमारास पेराँ त्याच्या हाताखाली नोकरीला लागला. १७९२ मध्ये कनौंदच्या वेढ्यात हातगोळा फुटून त्याचा एक हात गेला. पण माणूस थांबला नाही. दी बॉयन्यने त्याला दुसऱ्या कंपूची सरदारी दिली. शिंद्यांच्या कवायती फौजेच्या मोठ्या तुकडीला ‘कंपू’ म्हणत. शब्द इंग्रजी ‘कँप’चा असला, तरी आपल्या लोकांनी त्याला पागोटे घालून घरचा केला.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम समोरासमोर आले. हे खर्डे जामखेड तालुक्यातले. मराठ्यांच्या बाजूने पेराँच्या पलटणी, निजामाच्या बाजूने रेमाँच्या. रेमाँही फ्रेंच. फ्रान्समध्ये त्या वेळी राजाचे डोके उडवून दोन वर्षे झाली होती, सारा देश पेटलेला होता, आणि इकडे त्या देशाची दोन माणसे सीना नदीच्या मुलखात दुसऱ्यांच्या पगारावर एकमेकांवर तोफा रोखून उभी होती. रेमाँचे लोक चांगले लढले, पण निजामाचाच धीर सुटला आणि तो मागे सरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. मराठे जिंकले. सगळे सरदार एका निशाणाखाली जमून लढल्याची ती शेवटची वेळ.

त्या विजयाला आठ महिनेही झाले नव्हते, तोच ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. मग वारसाचे भांडण लागले आणि खर्ड्याचे सूत्रधार नाना आमच्या महाडात येऊन बसले. पुढे कारभार परत मिळाला खरा. पण १७९७ च्या ३१ डिसेंबरला ते दौलतराव शिंद्यांच्या भेटीस गेले असता शिंद्यांच्या पदरच्या फिलोज नावाच्या नेपल्सच्या सरदाराने त्यांना कैद केले. या फिलोजने नानांना सुखरूपपणाचे वचन दिले होते. परक्या सेनापतीच्या शब्दाची किंमत नानांना अशी मोजावी लागली. हा प्रसंगही मी कादंबरीत घेतला होता. फिलोज काळा रंगवला होता, म्हणजे शेजारी माझा पेराँ उजळ दिसावा.

दी बॉयन्य प्रकृतीच्या कारणाने संपत्ती घेऊन युरोपात परतला आणि पेराँ सगळ्या फौजेचा सेनापती झाला. आता तो अलीगढला राहू लागला. दिल्ली, आग्रा, दुआब यांवर त्याचा हुकूम चाले. आंधळा बादशहा शाहआलम नावाला तख्तावर, आणि त्याच्या नावाने कारभार करणाऱ्या शिंद्यांच्या नावाने कारभार करणारा हा कापडवाल्याचा मुलगा. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वेलस्ली याची झोप उडाली ती यामुळेच. १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता. तिकडून एखादा हात पुढे आला आणि यमुनेकाठच्या या फ्रेंचाने तो धरला तर काय, ही त्याची धास्ती. पेराँच्या मनात असे काही मोठे राजकारण होते, असे मला कधी वाटले नाही. त्याच्या मनात बहुधा एक घर होते. फ्रान्समधले, बागबगीचा असलेले, जिथे कोणी त्याला खलाशी म्हणणार नाही असे.

आणि इथून पुढे माझी कादंबरी अडू लागली.

१८०१ साली यशवंतराव होळकरांनी उज्जैनीस शिंद्यांच्या पलटणींचा फडशा पाडला. दौलतरावांनी पेराँकडे कुमक मागितली. पेराँने ती पाठवली नाही. आपला मुलूख आणि आपली फौज तो आपल्यापाशीच राखून बसला. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दोन्हीकडे युरोपियनांनी शिकवलेल्या पलटणी होत्या. दुसरा बाजीराव पळाला तो सिंहगडावर, तिथून रायगडाला, आणि रायगडावरून महाडास. आमच्याकडे ते दिवस भातकापणीचे. कापलेल्या भाताच्या उडव्यांमधून पुण्याचा पेशवा चालला आहे आणि शेतकरी विळा हातात धरून पाहत उभे आहेत, हे चित्र मी कल्पनेने पुष्कळ वेळा पाहिले आहे. महाडहून तो सुवर्णदुर्गाकडे गेला, तिथून समुद्रमार्गाने वसईला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला आणि मराठी राज्याचे दोर इंग्रजांच्या हाती गेले. सहा वर्षांच्या अंतराने आमच्या गावाने एक कारभारी येताना पाहिला आणि एक पेशवा जाताना.

१८०३ च्या ऑगस्टात युद्ध पेटले. जनरल लेक अलीगढवर चालून आला. २९ ऑगस्टला पेराँचे हजारो घोडेस्वार समोर उभे होते, पण झुंज म्हणावी अशी झालीच नाही. फौज पांगली आणि पेराँ आग्र्याच्या वाटेला लागला. अलीगढचा किल्ला त्याने पेद्राँ नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हवाली केला होता. त्याला त्याने पत्र पाठवले. शरण जाण्याचा विचारसुद्धा तुझ्या मनात यावा याचे मला नवल वाटते, तू फ्रेंच आहेस, देशाच्या नावाला डाग लावू नकोस, अशा अर्थाचे ते पत्र आहे. ४ सप्टेंबरला इंग्रजांनी दरवाजे उडवून किल्ला घेतला. शिंद्यांच्या नोकरीतून फुटलेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्यानेच त्यांना वाट दाखवली. आतले शिपाई शेकड्यांनी मेले. आणि तीन-चार दिवसांत ते पत्र लिहिणारा सेनापती लेककडून सुरक्षित वाट मागून आपल्या लवाजम्यासह लखनौकडे निघून गेला. पुढे तो फ्रान्सला पोहोचला, मोठा धनवान होऊन जगला आणि १८३४ साली मेला.

हे प्रकरण मी चार वेळा लिहिले. चारही वेळा पेराँचे वकीलपत्र घेऊन लिहिले. आणि खोटे काही लिहावे लागले नाही, हे विशेष. दौलतरावांचा त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांची नेमणूक झाली होती. हाताखालचे गोरे अधिकारी फुटले होते. इंग्रजांनी जाहीरनामा काढून, जो शिंद्यांची चाकरी सोडील त्याची आम्ही सोय लावू, असे सांगितले होते. माणूस एका हाताने किती सांभाळणार? शिवाय ही भूमी त्याची नव्हती, हे राज्य त्याचे नव्हते. तो रजा घेऊन गेला, एवढेच. नोकरीतल्या माणसाला रजा घेण्याचा हक्क असतो. हे शेवटचे वाक्य मला फार आवडले होते. ते मी वहीत दोनदा अधोरेखित केले होते.

मग २०२१ चा जुलै आला.

करोनामुळे मुले घरी होती. आम्ही शिक्षक आळीपाळीने शाळेत जात होतो. मुख्याध्यापक आजारी, म्हणून कार्यालयाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. बायको आणि मुले पोलादपूरला माझ्या बहिणीकडे गेलेली. २१ तारखेला पाऊस असा लागला की समोरचे घर दिसेना. महाबळेश्वरावर पडलेले पाणी काही तासांत आमच्या दारी येते, हे महाडचे पोरही जाणते. दुपारी आमचे शिपाईमामा आले. मुले त्यांना मामा म्हणतात म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. निवृत्तीला त्यांचे दोन वर्षे उरली होती. अंगातला भिजलेला सदरा पिळीत ते म्हणाले,

“गुरुजी, गांधारीचा रंग बदललाय. रजिस्टरं वरच्या वर्गात नेऊन टाकूया का? चार हात आसतील तर तासाभराचं काम हाय.”

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा जीव. कोण मूल कधी आले, त्याची जन्मतारीख काय, ते कधी गेले, सगळे त्यात. आमच्याकडे ती फार जुन्या सालापासूनची आहेत. जाड बांधणीची, एकेक पोत्यासारखी जड. खालच्या खोलीत दोन लोखंडी कपाटे भरून.

मी घड्याळाकडे पाहिले. पोलादपूरची गाडी सुटायला थोडा वेळ होता. त्यानंतरची सुटेलच याचा भरवसा नव्हता. माझी पिशवी तयार होती. तिच्यात दोन सदरे आणि कादंबरीच्या सात वह्या होत्या. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, वरून सुतळीने बांधलेल्या.

“एवढं पाणी नाही यायचं, मामा,” मी म्हणालो. “आणि आलंच तर तुम्ही आहातच की. या किल्ल्या ठेवा. शाळेची जबाबदारी आहे, नीट सांभाळा.” आणि टेबलावर रजेचा अर्ज लिहून ठेवला. किरकोळ रजा, दोन दिवस, घरगुती कारणासाठी.

मामांनी किल्ल्या घेतल्या. काही बोलले नाहीत. मी निघताना माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून एवढेच म्हणाले, “वह्या कोरड्या ऱ्हातील ना?”

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. २२ तारखेला सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या. बाजारपेठेत पहिले मजले बुडाले. त्याच संध्याकाळी तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी इथेही दरडींनी माणसे गिळली. मी बहिणीच्या माडीवर बसलो होतो. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. मेणबत्तीच्या उजेडात मी पिशवी सोडून पाहिली. सातही वह्या कोरड्या होत्या. त्या रात्री मला पेराँचे प्रकरण पुन्हा वाचावेसे वाटले, म्हणून वही उघडली. पेद्राँला लिहिलेल्या पत्राचे पान आले. मी वही मिटली.

रस्ता मोकळा झाल्यावर परत आलो. महाड ओळखू येत नव्हते. गुडघाभर चिखल, त्यात धान्याच्या कुजल्या पोत्यांचा वास, दारोदार काढून ठेवलेले संसार. ठिकठिकाणांहून आलेली तरुण पोरे फावड्याने लोकांच्या घरातला चिखल उपसत होती. शाळेचे फाटक वाकले होते. मामा वरच्या व्हरांड्यात होते. जुनी वर्तमानपत्रे पसरून त्यावर रजिस्टरे उघडून ठेवली होती, आणि ते एकेक पान बोटाने सोडवून मध्ये कागद घालीत होते. बहुतेक रजिस्टरे कोरडीच होती. ज्यांना पाणी लागले होते त्यांचीच ही शुश्रूषा.

नंतर शेजाऱ्यांकडून कळले. ते घरी गेलेच नव्हते. पाणी कमरेला लागेपर्यंत ते एकटे जिन्यावरून वर-खाली करीत होते, पुढे छातीला लागेपर्यंत. मग वरच्या वर्गात दोन रात्री, चण्याच्या एका पुडीवर. त्यांच्या स्वतःच्या घरातले सगळे वाहून गेले. बायको शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली म्हणून वाचली.

मला पाहून ते उठून उभे राहिले. मी काही बोलणार, तोच तेच खाली मान घालून म्हणाले,

“गुरुजी, येक रजिस्टर ऱ्हायलं. खालच्या फळीवरचं. हात नाही पोचला.”

मी त्यांची क्षमा मागायची, तर तेच माझी मागत होते.

‘शिपाई’ हा शब्द मराठीत मोठा मजेदार आहे. रणातला तो शिपाई आणि कचेरीतल्या स्टुलावर बसून घंटा ऐकणारा तोही शिपाई. पहिल्याचे आपण पोवाडे गातो आणि दुसऱ्याला चहा आणायला पाठवतो. या दोघांचा काही संबंध असेल असे मला त्या व्हरांड्यात उभा राहीपर्यंत कधी वाटले नव्हते.

त्यानंतर मी पेराँच्या गेल्यानंतरची हकीकत पुन्हा वाचली. पूर्वी ती मी चाळून सोडून दिली होती, कारण नायक निघून गेल्यावर कादंबरीला उरते काय? पेराँ गेला, त्याच्यामागून दिल्लीच्या लढाईनंतर बुर्क्वँ आणि दुसरे फ्रेंच अधिकारी इंग्रजांच्या स्वाधीन झाले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. तिथे शिंद्यांच्या तोफांनी धाकट्या वेलस्लीची दीड हजारांवर माणसे मारली वा जखमी केली. याच वेलस्लीने बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. तरी म्हातारपणी त्याला विचारले, की तुझी सर्वांत चांगली लढाई कोणती, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले असे सांगतात.

आणि १ नोव्हेंबरला अलवारजवळ लासवारी. तिथे उरलेल्या पलटणी जमल्या होत्या. त्यांना शिकवणारे गोरे सरदार जवळजवळ सगळे गेलेले. ज्याने पगार द्यायचा तो धनी शेकडो कोस दूर. पळून गेले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती, कारण त्यांची नावेच कोणाला ठाऊक नव्हती. ते पळाले नाहीत. गोलंदाज तोफेपाशी उभे राहिले ते संगिनीने भोसकले जाईपर्यंत. हजारोंनी पडले. जिंकलेल्या लेकने वरिष्ठांना लिहिले, की हे लोक असे काही लढले, की त्यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची मला शंकाच होती. शत्रूने केलेली एवढी स्तुती! पण तिच्यातही त्याला आठवण झाली ती नसलेल्या अधिकाऱ्यांचीच. समोर मरून पडलेल्या माणसांच्या कर्तबगारीतसुद्धा तो त्यांना सोडून गेलेल्यांचा हिस्सा काढत होता.

या पलटणींत आमच्या कोकणातला माणूस घालावा, असे मला एकदा वाटले होते. पण ते खरे झाले नसते. पेराँचे शिपाई बहुतेक गंगा-यमुनेच्या मुलखातले. आमच्या महाडकडचे शिपाई तेव्हा आणि नंतर मुंबईच्या पलटणींत, म्हणजे दुसऱ्या बाजूला होते. पहिल्या महायुद्धात एकट्या आंबवड्यातून शंभरावर माणसे गेली आणि गावाचे नाव फौजी आंबवडे पडले. आमच्या मामांचे आजोबाही असेच कुठल्याशा पलटणीत होते. कुठे लढले ते मामांना सांगता येत नाही. “लांब कुठंतरी,” म्हणतात. बाजू कोणती हा प्रश्न इतिहासात महत्त्वाचा आहे, आणि मी तो मुलांना शिकवतो. पण कोणाच्या तरी भरवशावर काहीतरी ठेवून वरचा माणूस निघून जातो आणि खालचा तिथेच उभा राहतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंना सारखीच घडत आली.

कादंबरी मी पुरी केली नाही. वह्या कपाटात आहेत, अगदी कोरड्या. प्रकाशक मित्र अधूनमधून विचारतो. मी म्हणतो, शेवट सापडत नाही. खरे तर शेवट सापडला आहे. पण तो ज्याच्याविषयी लिहायला हवा त्याच्याविषयी लिहिण्याइतकी माहिती कोणत्याच ग्रंथात नाही, आणि ज्याच्याविषयी लिहायचे नाही त्याच्याविषयी सात वह्या भरल्या आहेत.

मामा आता निवृत्त झाले आहेत. दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळाचा डबा घेऊन जातो. ते मला खुर्ची देतात आणि आपण उंबऱ्यावर बसतात. खुर्चीवर बसा म्हटले तर हसतात. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात एक म्हातारी शाळेत आली. डोंगरातल्या वाडीवरची. निराधारांच्या पेन्शनसाठी वयाचा पुरावा पाहिजे होता. “मी दुसरीपर्यंत इथं होते,” ती म्हणाली. “कवितेला मला बक्षीस मिळालं होतं. बघा, नाव आसंल.” तिने अंदाजाने साल सांगितले. मी कपाट उघडले. अलीकडचे रजिस्टर होते, पलीकडचे होते. मधले नव्हते. खालच्या फळीवरचे.

तिला मी बसवले, चहा दिला, दुसरे कोणकोणते कागद चालतील ते सांगितले. मग शाळेच्या कागदावर लिहून दिले, की सदर सालचे जनरल रजिस्टर जुलै २०२१ च्या महापुरात नष्ट झाल्याने दाखला देता येत नाही. खाली सही केली, शिक्का मारला. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते. म्हातारी कागद उलटासुलटा करून बघत राहिली.

“ह्यात माझं नाव कुठं हाय?” तिने विचारले.